बिब्याचा पाटा

चि. इरा,

बाळाचे फोटो पाहिले. फोनवर तू म्हणालीस की बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर काळपट डाग आले आहेत, आणि तुमच्या वेळी काय लावत असत ते विचारलेस. थोडक्यात उत्तर असे: याला वांग म्हणतात. मलाही तुझ्या आईच्या वेळी आले होते. उन्हापासून चेहरा जप, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही चोळू नकोस, आणि धीर धर.

सविस्तर उत्तर माझे नाही, पारबताबाईचे आहे. तेव्हा चांदा जिल्हा मध्यप्रदेशात होता, आजोबा जंगल खात्यात होते आणि आम्ही मूल या गावी राहत होतो. पारबताबाई आमच्याकडे मासळी घेऊन येई. वयाने माझ्याएवढीच. एका सकाळी पाळणा शेजारी ठेवून मी मागच्या ओसरीत वांगावर लावायला रक्तचंदन उगाळत बसले होते. तिने टोपले खाली ठेवले आणि सरळ माझे मनगट धरले. मग तिने जे सांगितले ते कानात आहे तसे लिहिते. तिचे ‘मले-तुले’ मी सुधारलेले नाही.

*

थांबा बाई, हात थांबवा. ही सहान कोनाची? तुमचीच? माहेरून आनली? तं मंग ठीक आहे, उगाळा. पन दगडाची ओळख पटल्याबिगर त्याच्यावरचं काई तोंडाले लावाचं नाई, हे मी तुमाले सांगून ठेवते, काऊन की मी ते माह्या तोंडावर भोगलं आहे. पाहा हे, व्हटाच्या बाजूले पांढरं, इथी गालावर काळं, मंग पुन्हा पांढरं. तुमी इतके दिवस पाहून राह्यल्या, पन इचारलं नाई. तुमी शिकलेल्या, इचारत नाई. बाजारातल्या बाया पयल्याच दिवशी इचारते.

मी वैनगंगेच्या काठची, ब्रह्मपुरीच्या अंगची. आमचं सारं घर डोंग्यात अन् जाळ्यात. बाप म्हने, पोरगी चालाच्या आधी पोहली पायजे. जंगल काय असते ते आमाले माहीत नाई. बिबा म्हंजे काय, तं धोब्यानं कपड्यावर केलेली खून, अन् बाळंतिणीच्या लाडूत गोडंबी पडते, बस. तो झाडावर कसा लागते, त्याच्या पोटातून गोडंबी कशी काढते, त्याचं तेल आंगाले लागलं तं काय होते, हे मले काय माहीत. हे धेनात ठेवा बाई, पुढं याचंच काम आहे.

लग्न झालं तं इकडं, तलावाच्या गावी. तलावाच्या मांगून जे जंगल लागते ते सरतच नाई. इथले लोक आमच्यासारखेच मासोळी मारनारे, पन त्यायचा एक हात जाळ्यात तं एक हात जंगलात. माही सासू, तिले सारं गाव सोनाबुडी म्हनते, थंडीत बिबे वेचून आने, वाळवे, घरामांगच्या सांदवाडीत बसून फोडे अन् गोडंबी काढून बाजारात नेये. पन ते मी पाह्यलंच नाई. मी उन्हाळ्यात नवरी होऊन आली, पावसाळ्यात पोटाशी राह्यली, अन् थंडी पडली तं बापानं माहेरी नेलं. बिब्याच्या दिवसात मी तिकडं नदीवर. होळीच्या अंगानं पोरगी झाली.

सातव्या महिन्यापासूनच तोंडावर हे यायले लागलं होतं, गालावर, नाकावर, कपाळावर, जसं कोनी चुलीचा हात फिरवला. माय म्हने, वांग आहे, लेकराबरोबर येते, काई कराचं नाई. माह्या मायले आला होता, मोठ्या बहिणीले आला होता, आमच्या घरात त्याचं कोनाले काई नाई. मी बी इसरून गेली. आरसा कुठी होता आमच्याजवळ. नदीच्या पान्यात तोंड पाह्यलं तं सारंच हालते.

काय सांगू तुमाले, जेठाच्या महिन्यात पोरीले घेऊन सासरी आली. तुळशीराम, माहा घरचा, आमाले घ्याले आला होता. सोनाबुडी दारात उभी, हातात पान्याचा गडवा, भाकरीचा तुकडा, पोरीवरून ओवाळून टाकला, मुका घेतला, म्हने नाक बापाचं आहे, वाईट झालं. सारे हासले. मंग तिनं माहा पदर मांगं केला. पदर मांगं केला अन् तिचा हात तसाच राह्यला बाई. हासू बी तोंडावर तसंच राह्यलं, खाली उतराले त्याले वेळ लागला. मंग तिनं माह्या कडेवरून पोरगी घेतली, घरात गेली अन् आतून कडी लावली.

मी दारात. मले वाटलं काई रीत असल त्यायच्या इथची. मी तुळशीरामले म्हटलं, आता काय कराचं असते?  घरातून बुडी म्हने, तिले सांदवाडीतल्या खोपडीत बसव. गडवा तिचा तिले दे. अन् पाट्याले, चुलीले, मडक्याले हात लावू देऊ नोको.

तिनं काय पाह्यलं माह्या तोंडावर, ते मले तिसऱ्या दिवशी समजलं. तुळशीराम जर्मनच्या थाळीत भात घेऊन आला अन् लांब बसला. मी म्हटलं ही थाळी कोनाची, काठ चेपलेली? तो म्हने काशीची. काशी कोन? लग्नात तं कोनी काशी दाखवली नाई मले. तो म्हने, माही मोठी बहीन. नाल्याच्या पल्याड राह्यते.

महारोग आहे तिले, बाई. तिले बी पयले गालावरच चट्टा आला होता. मी त्या थाळीतला घास तोंडात घेतला होता, तो मले ना गिळता आला ना थुकता आला. म्हंजे हे लोक समजून राह्यले का मले बी तेच. अन् माही पोरगी आत, अन् तिले बकरीचं दूध पाजून राह्यले.

मी त्याले म्हटलं, तू सांग ना बुडीले, हे वांग आहे, लेकराचं आहे, आधी नव्हतं. तो म्हने, मी काय सांगू, मी तुले उजेडात पाह्यलं तरी कधी, दिवसभर बुडी घरात अन् तुह्या तोंडावर पदर, आधी तुहं तोंड कसं होतं हे मलेच माहीत नाई. आता मी त्याच्यावर हासते, तेव्हा मले वाटलं थाळी मारू याच्या डोकशात. पन खरं होतं त्याचं. नवऱ्याले बायकोचं तोंड माहीत नाई अन् त्या तोंडावरून साऱ्या गावात चर्चा.

जातीचे पंच आखाडीले, आषाढाच्या पुनवेले, बसनार होते. त्या दिवशी ठरनार, पारबता घरात का नाल्याच्या पल्याड. नाल्याच्या पल्याड गेली तं पोरगी गेलीच म्हनून समजा. खोपडीची एक भित घराले लागून होती, भितीच्या पल्याड पोरगी रडे, अन् ती रडली का इकडं माही चोळी ओली होये. मी भितीले तोंड लावून अंगाई म्हने, तं बुडी आतून म्हने, चूप राह्य वं, तुह्यानं ती अजून रडते. खरंच अजून रडे.

मंग मैनी आली. मैनी म्हंजे जंगलातल्या गावची गोंडीन, उन्हाळ्यात चारोळी घेऊन येये अन् बदल्यात सुकी मासोळी नेये. बुडी बाजारात गेली होती, म्हून ती मांगून सांदवाडीत आली, मले पाह्यलं अन् सरळ माह्या बाजूले येऊन बसली. इतक्या दिवसात माह्या बाजूले कोनी बसलं नव्हतं, मीच सरकली. ती म्हने काऊन सरकतस, वाघीन आहे का मी? मी सारं सांगतलं. तिनं माही हनुवटी धरून तोंड इकडं केलं, तिकडं केलं, अन् खदखद हासली. म्हने, हे? हे तं आमच्या साऱ्याच बायायले येते, लेकरू चालाले लागलं का जाते. मी म्हटलं, लेकरू चालाच्या आधी आखाडी आहे. तं तिनं टोपल्यातून मूठभर चारोळी काढून माह्या वटीत टाकली, म्हने दुधात बारीक वाट अन् लाव, उजळ होते.

दुधात वाट म्हने. मले दूध कोन देनार होतं? पन दूध तं माह्याजवळच होतं बाई, रोज जमिनीत चाललं होतं. तेच घेतलं नारळाच्या करटीत. आता वाटाचं कायवर? घरचा पाटा शिवाचा नाई. सांदवाडीत भितीले टेकून एक चपटा दगड उलटा पडला होता, जुना पाटा असल, एका कोपऱ्यात फुटलेला. मी तो सीधा केला. वरून काळा, चकचकीत, जशी चिंच वाटून कोनी धुतलाच नाई. मी म्हटलं फेकलेला दगड आहे, याले शिवलं तं कोन काय म्हनते. पानी टाकलं, राखेनं घासला, अन् बसली वाटत. वाटता वाटता पांढऱ्यात काळी रेघ येये. मले वाटलं चारोळीचं टरफल.

सकाळी लावलं, गार वाटलं. दुपारी अजून लावलं, जाड, जिथं जिथं वांग तिथं तिथं. सांजेले खाजवाले लागलं तं मी मनाले म्हने, वांग निंघून राह्यलं, खाजवनारच. मैनी मले आता देवच वाटाले लागली होती.

पाहटे उठली तं डोळे उघडेना. हात लावून पाह्यला तं हाताखाली माहं तोंडच नाई. दुसरंच काई, फुगलेलं, ओलं, फोडायचं. अन् आग, बाई. इंगळावर तोंड ठेवल्यासारखी. मी अशी किंचाळली का तलावावरचे बगळे उडाले म्हनते, मी तं पाह्यले नाई, मले काय दिसते. भितीले चाचपत बाहीर आली अन् तलावाकडं जाले निंघाली तं खाटेले अडखळून आंगनात पडली.

सारं गाव जमलं. कोनी म्हने देवी आली, कोनी म्हने साप चावला. मंग काठीचा आवाज आला, तो डोमाबुड्याचा, पंचायतीतला मोठा. तो म्हने, सोना, चट्ट्यावर दाबून पाह्य. मले समजलं नाई. बुडी जवळ आली, तिचा वास मले समजे, मासोळीचा अन् तंबाखूचा. खोपडीत बसवल्यापासून मले शिवली नव्हती. तिनं एक बोट घेतलं अन् ज्या गालावर वांग होतं, नेमकं तिथं दाबलं.

मी किंचाळली.

म्हने, दुखलं?

मी म्हटलं, मारून टाकता का मले, बुडी? तिनं दुसऱ्या गालावर दाबलं. मी अजून मोठ्यानं किंचाळली. मंग नाकावर, मंग कपाळावर, अन् हरेक वेळी मी किंचाळो तं बुडी म्हने, दुखते, दुखते बाप्पा, हिले दुखते. अन् तिच्या मांगं बाया म्हने, दुखते वं, दुखते. कोनी हासून राह्यलं, कोनीतरी टाळी बी वाजवली. मी आंधळी, तोंडाले आग लागलेली, अन् सारं गाव खुश का हिले दुखते. मले वाटलं सारे येडे झाले, अन् आता हे लोक मले खातात का काय.

डोमाबुडा म्हने, रोगाच्या चट्ट्यावर इंगळ ठेवला तरी मानसाले समजत नाई. हिले बोट सहन होत नाई. ही चांगली आहे. आखाडीचं काम आजच झालं.

तेव्हा मले समजलं का आखाडीले ते काय करनार होते. माह्या गालावर इंगळ ठेवनार होते बाई. साऱ्यायले माहीत होतं. तुळशीरामले बी. फकस्त मले माहीत नव्हतं. मी बुडीले म्हटलं, अन् तुमी ठेवू देल्ला असता? ती खाली जमिनीवर बसली. मंग म्हने, काशीच्या वेळी चिलमीतला इंगळ मीच धरला होता. ती माह्यासंगं भाजीचं बोलून राह्यली होती. बोलतच राह्यली. चामडी जळाचा वास मले आला, तिले नाई आला. तुह्या वेळी माहा हात झाला नसता, म्हून मी तुले पाहाले बी येत नव्हती.

मंग बुडीले तो पाटा दिसला. सीधा पडलेला, वरती पांढरं वाळलेलं. म्हने, कोनत्या दगडावर वाटलंस वं? मी म्हटलं, ह्या. ती म्हने, ह्या? अवं, ह्याच्यावर मी बिबे फोडते, साऱ्या थंडीचं तेल मुरलं आहे त्याच्यात, म्हून तं उलटा ठेवते, लेकराचा हात लागू नये म्हून, घराच्या पाट्यावर काऊन नाई वाटलं?

मी म्हटलं, तुमीच सांगा, काऊन नाई वाटलं.

 

मंग बुडी उठली. तीळ आनले, म्हशीचं लोणी कोनाच्या घरून मांगून आनलं, अन् घरच्या पाट्यावर, आत, चुलीजवळ, आपल्या हातानं वाटलं. मले हाताले धरून घरात नेलं अन् थापलं तोंडावर. बिब्याले तेच उतार आहे, तीळ अन् लोणी. तुळशीरामनं पोरगी आनली. मी म्हटलं नोको, तेल लागन तिले, भेवन ती मले पाहून, मीच मले हात लावून भेली. बुडी म्हने, चूप राह्य. तिनं माहं सारं तोंड भिजल्या लुगड्यानं झाकलं, आंग धुतलं, हात धुतले, अन् पोरगी छातीशी देल्ली. पोरगी पयले रडली. बकरीच्या दुधाची सवय झाली होती. मंग इकडं तिकडं नाक फिरवलं अन् लागली प्याले, असी का दम बी घेईना. लेकराले मायचं तोंड लागत नाई बाई. हे तुमी बी धेनात ठेवा.

तोंड बरं व्हाले पावसाळा अर्धा गेला. सालटी निंघाली, काई जागी पांढरं राह्यलं, काई जागी आधीपेक्षा काळं. तुळशीराम मले चितळ म्हनते. म्हने, आता तुले अंधारात बी ओळखतो. तेल ज्या जागी भिनलं नव्हतं तिथचं वांग मातर मैनी म्हने तसंच गेलं. पोरगी भित धरून चालाले लागली अन् एक दिवस पाह्यलं तं नाई. कधी गेलं समजलंच नाई. तिच्या चारोळीनं बी काई केलं नाई, अन् मी बी नसतं लावलं तरी ते जानारच होतं. आखाडीची घाई होती.

अन् तो पाटा. तुळशीरामनं रागानं तलावात फेकला. बुडीनं त्याले डुबी माराले लावून पुन्हा काढाले लावला, म्हने दुसरा दगड का तुहा बाप आनते? आता त्याच्यावर चुन्याची मोठी फुली आहे, अन् घरात येनाऱ्या हरेक सुनेले, भाचीले बुडी पयले तो पाटा दाखवते, मंग देव दाखवते.

पन एक गोष्ट मनातून जात नाई, बाई, ती अजून बी अशी अचानक येते, मासोळी साफ करता करता. मी किंचाळली म्हून मले घरात घेतलं. काशीले दुखलं नाई म्हून तिले नाल्याच्या पल्याड काढलं. जिले दुखलं तिले लोणी, अन् जिले दुखलंच नाई तिले कोनी काई नाई. हे कसं? तोंड बरं झाल्यावर मी पयल्यांदा तिच्याकडं भात घेऊन गेली. बुडी तं रोज नेते, पन गोट्यावर ठेवून वापस येते. मी गेली अन् बसली, जशी मैनी माह्या बाजूले बसली होती. काशीबाई सरकली. मी म्हटलं काऊन सरकता, वाघीन आहे का मी? तिनं माहं तोंड पाह्यलं अन् म्हने, माय वं, तुह्यापेक्षा तं मीच गोरी आहे.

आता बाजारात दवंडी ऐकली का त्या रोगाच्या गोळ्या निंघाल्या आहे, चांद्याच्या दवाखान्यात भेटते, अन् मानूस बरा होते. खरं आहे का बाई? तुमी वाचता, तुमाले माहीत असल. खरं असल तं एक सांगाचं होतं. तुमचे साहेब शनिवारी जीपगाडी घेऊन चांद्याले जाते. बसवाला काशीले बसू देत नाई, एकडाव उतरवून देल्लं. मी शनिवारी तिले घेऊन नाल्याच्या पुलाजवळ उभी राहीन. साहेबानं गाडी फकस्त हळू करावी. थांबली तं आमी बसू, नाई थांबली तं समजून घेऊ. मी तिच्या अन् साहेबाच्या मधात बसीन.

अन् ते चंदन लावाचं असल तं लावा, नाई तं राहू द्या. तुमची पोरगी चालाले लागली का जाईल ते. चालू द्या तिले, खूप चालू द्या, अन् कोनी तिच्या मायचं तोंड पाहून तिले उचलून नेऊ नये, इतकंच म्हनते मी देवाले. ही मरळ आहे आज, जित्ती आहे. रस्सा करा, दूध येते.